सर्पगंधेचा अभिमान कशासाठी बाळगायचा?



नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत. हिरडा, बेहडा, वावडिंग, अनंतमूळ यांची पोती दारातच उघडी मांडलेली असतात आणि रस्त्यावरून जाताना त्यांचा मिश्र, काहीसा कडवट वास येतो. अशाच एका दुकानातून नववीतला एक मुलगा वाळक्या मुळांची पुडी घेऊन विज्ञान प्रदर्शनात आला होता. मी परीक्षक होतो. मुळे त्याने पुठ्ठ्यावर दोऱ्याने नीट बांधली होती आणि वर रंगीत अक्षरांत लिहिले होते : 'सर्पगंधा – रक्तदाबावरील औषध भारताने जगाला दिले.'

मी त्याला तीन प्रश्न विचारले. यातले नेमके काय रक्तदाब उतरवते? किती उतरवते? आणि तो उतरला हे कोणी, कसे मोजले? मुलगा हुशार होता. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "सर, ते माहीत नाही, पण आपल्या पूर्वजांना माहीत होते न!"

त्या उत्तराला मी हसलो नाही. हेच उत्तर मी आमच्या घरीही ऐकले आहे आणि त्याची किंमतही पाहिली आहे. ते पुढे सांगेन. आधी मुलाचे वाक्य तपासू. ते खोटे नाही. मात्र ते अर्धेच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्य नव्हे. तेव्हा सुरुवात माझ्या बाजूने करतो. रक्तदाब १२० म्हणजे काय? हृदय आकुंचन पावते तेव्हा धमनीतला दाब हवेच्या दाबापेक्षा जेवढा जास्त असतो, तेवढ्या दाबाने पाऱ्याचा १२० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरता येईल. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून पाऱ्याऐवजी पाणी घेतले तर हाच स्तंभ सुमारे १६३ सेंटिमीटर होईल, म्हणजे जवळजवळ माणसाएवढा उंच. दवाखान्यात एवढी उंच नळी कोण ठेवणार? पारा वापरला गेला तो यासाठी.

पाऱ्याशिवाय हा प्रयोग एकाने केलाही होता. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने एका घोडीच्या मांडीतल्या धमनीला नळी जोडली आणि रक्त उभ्या काचनळीत किती चढते ते पाहिले. ते ८ फूट ३ इंच चढले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. तुम्ही गणित करून पाहा : रक्ताची घनता पाण्याच्या १.०६ पट धरली, तर पाऱ्याचे किती मिलिमीटर होतात? (माझे उत्तर १९६ आले. बांधून घातलेल्या घोडीचा दाब चढलेला असणारच.) माणसाची धमनी न कापता दाब सहज मोजण्याची सोय व्हायला मात्र १८९६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी इटलीच्या रिव्हा-रोच्ची याने दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा काढला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ऐकण्याची युक्ती दाखवली.

आता विचार करा. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे शेकडो वर्षे वापरात होते : सापाच्या विषावर, झोपेसाठी, वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेच म्हणत. परंतु उच्च रक्तदाबावर ती चालते हे कोणालाही दाब मोजण्याची साधने येण्यापूर्वी कळणे शक्यच नव्हते, कारण रक्तदाब नावाची मोजता येण्याजोगी गोष्टच तेव्हा कोणाच्या हाती नव्हती. त्या मुलाच्या तक्त्यावर नसलेली पहिली गोष्ट ही. पूर्वजांना वनस्पती माहीत होती. तिचा हा गुण कळण्यासाठी आधी यंत्र यावे लागले.

यंत्र आल्यावर आपल्या लोकांनी वेळ दवडला नाही, हे मात्र अभिमानाने सांगितले पाहिजे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते असे छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली आणि त्यांतल्या काहींना हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन, अजमलिसीन अशी नावे दिली. कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी प्राण्यांवर प्रयोग करीत होते. मुळाच्या गोळ्या बाजारात आल्या होत्या आणि आपले डॉक्टर त्या देतही होते.

आणि याच काळात, १२ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला देण्यासारखे धड औषध त्याच्या डॉक्टरांपाशी नव्हते. सर्पगंधेने ते वाचले असते असे मी म्हणत नाही, कोणालाच तसे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या देशात रोग्यांना मिळणारी एक गोष्ट पलीकडे कोणाच्या कानावरही नव्हती, हे खरे.

ती त्यांच्या कानावर घालणारा माणूस मुंबईचा. डॉ. रुस्तम जाल वकील हे के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ते अनेक वर्षे रोग्यांना देत होते. देणारे पुष्कळ होते. वकिलांनी निराळे हे केले की उच्च रक्तदाबाचे ५० रोगी निवडले, औषध देण्यापूर्वीचे आणि नंतरचे दाब नोंदले, कोणाचा किती उतरला, कोणाचा उतरलाच नाही, कोणाला काय त्रास झाला हे सारे मांडले आणि तो लेख १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, सर्पगंधा भारतातून मागवली आणि आपल्या रोग्यांवर तपासून पाहिली. दाब हळूहळू उतरतो, रोगी शांत होतो, नाडी मंदावते, असे त्यांनाही आढळले. सात समुद्रांपलीकडे दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या रोग्यांवर तेच पाहिले, तेव्हा सर्पगंधा ही एका देशाची समजूत न राहता जगाची माहिती झाली. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता कथेतला विचित्र भाग. सिद्दिकींनी वेगळे केलेले ते सुंदर स्फटिक तपासले, तर मुळाचा सारा प्रभाव त्यांत सापडेना. प्रभाव होता तो मागे उरलेल्या चिकट, तपकिरी राळेत! रसायनशास्त्रज्ञ असा गाळ सहसा फेकून देतो, कारण त्यातून काही शुद्ध निघत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर व बाइन या तिघांनी तो गाळच धरून ठेवला आणि १९५२ साली त्यातून रेसर्पिन काढले. त्याची मात्रा किती? दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणादेखील याहून जड भरेल. १९५६ साली अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत जोडूनही दाखवला.

"म्हणजे आपले औषध परक्यांनी पळवले," असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. प्राध्यापकांच्या खोलीतही हे वाक्य मी वारंवार ऐकतो. नफा बाझलला गेला, याबद्दल वाद नाही. मूळ आपल्या रानांतून इतके उपसले गेले की वनस्पती दुर्मिळ झाली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे. तक्रार करण्यास जागा आहे. तथापि गाळ आपल्या प्रयोगशाळांतही होता. कलकत्त्याच्या संशोधकांना राळेत गुण आहे असे दिसलेही होते. पुढची पायरी चढायला लागणारी साधने, पैसा आणि चिकाटीने एकत्र काम करणारी माणसे बाझलपाशी होती. माझ्या मते यातून चरफडण्याऐवजी चांगली प्रयोगशाळा मागावी. शाळेच्या प्रयोगशाळेपासूनच मागावी. किती शाळांत साधा पाऱ्याचा वा पाण्याचा दाबमापक कपाटाबाहेर निघतो, ते शिक्षकबंधू-भगिनींनी स्वतःलाच विचारावे.

रेसर्पिन करते काय? मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत नॉरॲड्रेनॅलिन नावाचे रसायन साठवलेले असते. संदेश आला की ते बाहेर पडते व रक्तवाहिनी आवळली जाते. या पिशव्या भरणारा जो रेणवीय पंप आहे, त्यालाच रेसर्पिन अडवते. साठा हळूहळू संपतो, संदेश आला तरी पिशवी रिकामी आणि वाहिनी सैल पडते. वाहिनी थोडीशी सैल पडली तरी पुरते, हे भौतिकशास्त्र सांगते. प्वासयच्या नियमानुसार नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्के वाढवा : १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे त्याच दाबाला प्रवाह जवळजवळ दीडपट! रक्त हा साधा द्रव नव्हे आणि रक्तवाहिनी ही काचेची नळी नव्हे, त्यामुळे हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच. (प्वासय स्वतः वैद्यकीच शिकला होता आणि रक्त कसे वाहते या कुतूहलातूनच त्याने काचनळ्यांवर प्रयोग केले, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत सांगत नाहीत.)

परंतु पिशव्या मेंदूतही असतात. त्याही रिकाम्या होतात. रेसर्पिन घेणारे काही रोगी, विशेषतः मोठी मात्रा घेणारे, खिन्न व उदास होऊ लागले, काहींचे हात थरथरू लागले. १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या, निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले आणि ससे पुन्हा हलू लागले. मेंदूत डोपामिनचे काम काय आणि कंपवातावर इलाज कोणता, याचा धागा तेथून हाती आला. त्या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे सर्पगंधेच्या दोषानेसुद्धा विज्ञानाला काही दिले. दोष झाकून ठेवला असता तर हे हाती लागले नसते.

अजून एक प्रश्न उरतोच, आणि तो सर्वांत कठीण. दाब उतरला, पण माणूस वाचतो का? १९६० च्या दशकापर्यंत अनेक नामवंत डॉक्टरांना वाटे की वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, तो उतरवू नये. याचा निकाल अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी लावला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. ७३ जणांना खऱ्या गोळ्या दिल्या, त्यांत रेसर्पिन एक होते, आणि ७० जणांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कोणाला कोणत्या मिळाल्या हे रोग्याला ठाऊक नव्हते. १९६७ साली निष्कर्ष छापला गेला : पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर दुखणी झाली व ४ दगावले. औषध घेणाऱ्यांत अशी दुखणी २, मृत्यू एकही नाही. हे आकडे तुम्ही वहीत उतरवून घ्या. वकिलांच्या ५० रोग्यांनी रस्ता दाखवला, पण तो रस्ता कोठे पोचतो हे या १४३ जणांनी सांगितले.

आता आमच्या घरचे. माझे वडील इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात गादीवर बसत. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. ती त्यांनी चार-सहा महिने घेतली आणि सोडली. "मले काही होतच नाही, तर गोळी कायले खाऊ?" असे ते म्हणत. त्यांचा तर्क चुकीचा होता असेही म्हणवत नाही, कारण वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कोणीतरी त्यांना मुळीची पूड दिली. सकाळी चिमूटभर. आपले औषध, जुने औषध, निरुपद्रवी. त्यांनी ती श्रद्धेने घेतली, दाब मात्र पुन्हा मोजून घेतला नाही. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर, घरात बसून हे पाहत होतो आणि मीही एकदा विचारले नाही की बाबा, आकडा किती आहे? एका पहाटे त्यांची उजवी बाजू गेली. पुढली सहा वर्षे ते डाव्या हाताने जेवले.

दोष पुडीचा की सोडलेल्या गोळीचा की आणखी कशाचा, हे एका माणसावरून ठरत नाही आणि ठरवण्याचा मी प्रयत्नही करीत नाही. चिमूट हे मात्र एकक नव्हे, एवढे मी नक्की सांगतो. मुळातले रेसर्पिन कोणत्या रानातले मूळ, किती वर्षांचे, कोणत्या ऋतूत खणले, साल ठेवली की काढली, यावर बदलते. मात्रा मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शात मोजायची आणि पूड चिमटीने घ्यायची, हे जमणारे नाही. आज डॉक्टर रेसर्पिन क्वचितच लिहून देतात. त्याहून कमी त्रासाची औषधे आली आहेत. त्यांतला एक मोठा गट तर ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाला. सर्पगंधेकडून सर्पाकडे, असे म्हणू या! आपल्या शेजारच्या भंडारा व वर्धा जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून दाब मोजण्याची, गोळ्या देण्याची आणि रोगी पुन्हा आला की नाही हे नोंदण्याची मोहीम सुरू झाली, तीही अशाच नव्या गोळ्यांवर. तिचा कणा म्हणजे ती नोंद, असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते ठाऊकच नाही. माझ्या वडिलांना निदान ठाऊक तरी होते.

म्हणून त्या प्रदर्शनात मी मुलाला बक्षीस दिले नाही. तो नाराज झाला. त्याला म्हटले, घरी रक्तदाबाचे यंत्र आहे का? होते, आजीसाठी आणलेले. मग त्याला एक प्रयोग दिला, तोच तुम्हालाही देतो. माणसाला पाच मिनिटे शांत बसवा. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब मोजा. मग हात टेकूवर ठेवून पट्टा १३ सेंटिमीटर वर न्या आणि पुन्हा मोजा. रक्ताच्या स्तंभाच्या हिशेबाने आकडा सुमारे १० ने उतरला पाहिजे. औषध नाही, मुळी नाही, आणि दाब १० ने कमी! आता सांगा, कोणी 'माझ्या पुडीने दाब दहाने उतरला' म्हणाला, तर तुम्ही त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल? (आजी-आजोबांची डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र प्रयोगासाठी एक दिवसही बंद करायची नाही.)

तीन आठवड्यांनी मुलगा माझ्याकडे आला. हातात इतवारीत हिशेबाला वापरतात तसली लाल कापडाची चोपडी. सकाळ-संध्याकाळ, खालचा हात, वरचा हात, असे चार-चार आकडे ओळीने लिहिले होते. फरक कधी ७, कधी १४, एकदा तर उलटाच आला होता. मधले दोन दिवस कोरे होते.

"हे काय?" मी विचारले.

"आजी रामटेकला लग्नाला गेली होती, सर. अंदाजाने भरू का?"

मी नको म्हणालो. ते दोन रकाने त्याच्या चोपडीत अजून कोरे आहेत.